परत आलेल्या पाकिटावरचा शेरा

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हा आमच्याकडे सूचनांचा हंगाम. गणपती, गौरी आणि सभेची सूचना, तिन्ही एकदमच अंगावर येतात. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेसाठी मी ई-मेलने सूचना पाठवायची व्यवस्था करून दिली. चार हजारांच्या आसपास सभासद, सोबत अहवालाची पीडीएफ, खाली सचिवांचं नाव. बटण दाबलं आणि अर्ध्या तासात पडद्यावर हिरवी पट्टी आली : 'सर्व मेल पाठवले.' टपालखर्च वाचला म्हणून संचालक मंडळाने त्या दिवशी चहासोबत वडेही मागवले.

सभेच्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. अध्यक्षांकडे न बघता, कोपऱ्यात प्रोजेक्टरची वायर धरून बसलेल्या माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मला सूचना का आली नाही?" मी लॅपटॉपवर यादी पाहिली. "सर, तुम्हाला मेल गेलाय." ते म्हणाले, "गेला असेल हो. पोचला का?"

मला उत्तर देता आलं नाही. रात्री शोधायला बसलो. मेल पाठवले होते ते 'नो-रिप्लाय' अशा नावाच्या पत्त्यावरून, आणि त्या पत्त्याची पेटी उघडायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. पासवर्ड सचिवांच्या ड्रॉवरमधल्या डायरीत सापडला. पेटी उघडली तर 'मेलर-डीमन' नावाच्या कुणाची तरी शेकडो पत्रं एकाखाली एक. एका वेळेनंतर तीही यायची थांबलेली, कारण परतीची पत्रं जिथे जमायची ती पेटीच गच्च भरली होती. मुख्याध्यापकांच्या पत्त्यात 'एन'च्या जागी 'एम' टाइप झालेला होता, एवढंच. त्यांच्या हातचा सभासद-अर्ज फायलीत होता आणि त्यावर पत्ता बरोबर होता.

ही पुस्तिका त्या रात्रीतून निघाली आहे. मेल पोचवणाऱ्या सेवेकडून 'पोचला', 'परत आला', 'तक्रार झाली' ही खबर आपल्या सर्व्हरवर आपोआप यावी, यासाठी जी जोडणी करतात तिला वेबहुक म्हणतात. ती कशी लावायची, लावल्यावर कशी सांभाळायची आणि आलेल्या खबरीचं काय करायचं, हे पुढच्या प्रकरणांत आहे. थोडंफार पीएचपी, पायथन किंवा जावास्क्रिप्ट लिहिणारा, पण पतसंस्थेचं, शाळेचं, दवाखान्याचं किंवा एखाद्या दिवाळी अंकाच्या वर्गणीदारांचं काम एकट्याने ओढणारा माणूस माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्याच्याकडे 'मेलचा विभाग' नसतो. तोच विभाग.

कोड पुढे येईलच. इथे आधी त्यामागची गोष्ट सांगतो, कारण ती कळली नाही तर कोड चालतो आणि तरीही काम होत नाही.

त्या पतसंस्थेत एक जुने लिपिक होते. मेल यायच्या आधी सूचना टपालाने जायच्या, आणि वसुलीच्या नोटिसा आरपीएडीने, म्हणजे पोचपावतीसह रजिस्टर्ड टपालाने. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याचं एक रजिस्टर होतं. पोचपावती सहीनिशी आली की ती नोटिशीच्या प्रतीला टाचायची. पाकीट परत आलं तर त्यावर पोस्टमनने मारलेला शेरा जसाच्या तसा रजिस्टरात उतरवायचा : 'घर बंद', 'पत्ता अपूर्ण', 'गाव सोडून गेले', 'घेण्यास नकार'. हे चारही शेरे 'परत आले' याच सदरात मोडत असले तरी लिपिकबुवा प्रत्येकाला वेगळं वागवत. घर बंद असेल तर आठ दिवसांनी पुन्हा पाठवायचं. पत्ता अपूर्ण असेल तर जामीनदाराला फोन करून विचारायचं. गाव सोडून गेले असतील तर जुन्या पत्त्यावर पुन्हा पैसे घालवायचे नाहीत. आणि नकार असेल तर फाइल वकिलाकडे. 2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं, पण ते रजिस्टर त्या कपाटात अजून आहे. मी जे पुढे शेकडो ओळींच्या कोडमध्ये केलं, ते त्यांनी निळ्या शाईने आधीच केलेलं होतं.

ई-मेललाही शेरा असतो. तो नेमका कुठे मारला जातो हे बघण्यासाठी दोन सर्व्हरांचं बोलणं एकदा कान देऊन ऐकायला हवं. हे बोलणं ज्या नियमांनी होतं ते एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ते आरएफसी 821 मध्ये ऑगस्ट 1982 ला लिहून काढलं, आणि आजचा मसुदा, आरएफसी 5321, ऑक्टोबर 2008 चा आहे. चाळीस वर्षांत इंटरनेट ओळखू येणार नाही इतकं बदललं, हे संभाषण मात्र तेच राहिलं. आपला सर्व्हर दार वाजवतो आणि आपलं नाव सांगतो. मग 'कुणाकडून' ते सांगतो, 'कुणाला' ते सांगतो, मग मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीवर नुसतं एक टिंब ठेवतो. प्रत्येक पायरीला समोरून तीन आकडी उत्तर येतं. 250 म्हणजे ठीक. 4 ने सुरू होणारं उत्तर म्हणजे 'आत्ता नाही, नंतर या'. 5 ने सुरू होणारं म्हणजे 'येऊच नका'. त्याला जोडून टिंबांनी तोडलेला आणखी एक आकडा येतो, तो जास्त बोलका. 5.1.1 म्हणजे या नावाचं इथे कुणी राहत नाही. 4.2.2 म्हणजे पेटी भरली आहे. 5.7 ने सुरू होणारे आकडे म्हणजे धोरणाचा किंवा सुरक्षेचा नकार : तुमची ओळख पटत नाही, किंवा तुमचा मजकूर नको आहे.

हेच ते शेरे. 'घर बंद' हा 4 चा, 'गाव सोडून गेले' हा 5.1.1 आणि 'घेण्यास नकार' हा 5.7 चा. लिपिकबुवांना मी हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग अडचण काय आहे?"

अडचण आहे ती त्या शेवटच्या टिंबानंतरच्या 250 मध्ये. त्याचा अर्थ एवढाच, की समोरच्या सर्व्हरने मजकूर ताब्यात घेतला आणि पुढची जबाबदारी आता त्याची. माणसाच्या पेटीत पडला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, वाचला तर दूरच. तो सर्व्हर मधला असू शकतो. मग तो पुढच्या दारावर जातो, तिथे 4 मिळालं तर थांबून पुन्हा जातो. असे हेलपाटे चार-पाच दिवस तरी घालावेत असं आरएफसी 5321 सांगतो. शेवटी जमलं नाही की तो पत्र लिहितो, 'क्षमस्व, तुमचा मेल देता आला नाही'. हे पत्र पाकिटावरच्या परतीच्या पत्त्यावर जातं, आणि त्या पत्राचा स्वतःचा परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवलेला असतो, नाहीतर परत आलेल्याचं परत आलेलं असा खेळ जन्मभर चालेल. मला त्या रात्री सापडलेली 'मेलर-डीमन'ची पत्रं ती हीच. माझ्या हिरव्या पट्टीला फक्त पहिल्या दारावरचं 250 माहीत होतं.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 च्या कलम 13 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरला की तो 'रवाना' झाला. 'मिळाला' केव्हा म्हणायचं याचा हिशोब वेगळा आहे, आणि पोचपावतीसाठी त्याच्या आधीचं कलम 12 आहे. संचालक मंडळ नेहमी पहिल्यावर बोट ठेवतं, सभासद दुसऱ्यावर.

ही परतीची पत्रं यंत्राने वाचायची म्हटली तर तो एक वेगळाच छळ होता. पत्राचा ठरावीक साचा 1996 मध्ये आरएफसींतून आला, पण पाळायचा कुणी? कुणी साच्यात लिहायचं, कुणी नुसतं 'हा गृहस्थ इथे नाही' अशा अर्थाचं एक वाक्य, कुणी मूळ मेलचा अर्धा तुकडा डकवायचं. मूळ मेल कुणाला गेला होता हेच काही पत्रांतून कळायचं नाही. यावर क्यूमेल लिहिणाऱ्या डॅनियल बर्नस्टाइन यांनी 1997 मध्ये भन्नाट तोड काढली : प्रत्येक मेलचा परतीचा पत्ताच निराळा ठेवायचा, त्यात ज्याला मेल पाठवला त्याचं नाव गुंफायचं. मग आतलं पत्र वाचायचीही गरज नाही, ते कुठल्या पत्त्यावर परत आलं एवढं बघितलं की पुरे. व्हर्प म्हणतात त्याला. मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्या यंत्रणांत ही कल्पना आजही वेगवेगळ्या रूपांत जिवंत आहे.

हे सगळं स्वतः करायची हौस मला एकेकाळी होती. आता नाही, आणि तुम्हालाही नसावी. सेंडग्रिड 2009 मध्ये सुरू झालं, मेलगन आणि पोस्टमार्क 2010 च्या आगेमागे, ॲमेझॉनचं एसईएस जानेवारी 2011 मध्ये. आपण मेल त्यांच्या हातात द्यायचा. दारोदार फिरणं, हेलपाटे, परतीची पत्रं फोडून शेरा काढणं, हे सगळं ते करतात. राहतो एकच प्रश्न : त्यांना कळलेलं आपल्याला कसं कळणार?

एक वाट अशी, की आपण दर पाच मिनिटांनी त्यांना विचारत राहायचं, 'आलं का काही? आलं का?' पोस्टात रोज चक्कर मारून 'माझी मनीऑर्डर आली का' विचारणाऱ्यासारखं. बहुतेक फेऱ्या फुकट जातात, आणि एखादी चुकली की नेमकी तेव्हाच काहीतरी आलेलं असतं. दुसरी वाट वेबहुकची. आपण सेवेला आपल्या सर्व्हरवरचा एक पत्ता, म्हणजे एक यूआरएल, देऊन ठेवतो. काही घडलं की सेवाच त्या पत्त्यावर एचटीटीपीची पोस्ट रिक्वेस्ट करते. हा शब्द 2007 मध्ये जेफ लिंडसे यांनी रूढ केला. मराठीत मी बराच काळ 'हाक' हा शब्द वापरून पाहिला, पण लिहिताना तो टिकला नाही. सगळे वेबहुक म्हणतात, मीही म्हणतो.

त्या हाकेत काय असतं? जेसनमध्ये बांधलेली एक छोटी चिठ्ठी. घटना कोणती, कुणाच्या पत्त्याची, कुठल्या मेलची, केव्हा घडली, समोरच्या सर्व्हरचं उत्तर काय, आणि आपण पाठवताना स्वतःहून काही खूण जोडली असेल तर तीही. ही खूण आवर्जून जोडा. आम्ही सभासद क्रमांक जोडतो. पत्ता उद्या बदलेल, दोन भावांचा एकच पत्ता असेल, क्रमांक बदलत नाही.

वेळेबद्दल एक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण तिने मला आठवडाभर नाचवलं. कुणी वेळ 1970 पासूनच्या सेकंदांत देतं, कुणी तारखेच्या रूपात, पण ती असते जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री साडेबाराला परत आलेला मेल चिठ्ठीत आदल्या दिवशीचा संध्याकाळी सातचा दिसतो. एरवी काय बिघडतं? पण आमच्या उपविधीत सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी हवी असं आहे, आणि दिवस मोजायची वेळ आली तेव्हा सचिवांची वही आणि माझा अहवाल एका दिवसाने भांडत होते.

आता दाराकडे वळू. हा यूआरएल जगाला उघडा असतो, तसा असावाच लागतो. म्हणजे सेवा जशी तिथे चिठ्ठी टाकू शकते तशी कुणीही टाकू शकतं. एखाद्या उचापती माणसाने 'या चार हजार जणांचे पत्ते बाद झाले' अशा चार हजार खोट्या चिठ्ठ्या टाकल्या, आणि आपण त्या खऱ्या मानून यादी साफ केली, तर पुढची सभा कोरमअभावी तहकूब. म्हणून चिठ्ठीवरची सही तपासायची. मेलगन आपल्याशी ठरवलेल्या गुप्त किल्लीने एचमॅक काढून पाठवतं. ही पद्धत फेब्रुवारी 1997 च्या आरएफसी 2104 मध्ये आहे. सेंडग्रिड खासगी किल्लीने सही करतं आणि आपण जाहीर किल्लीने ती ताडतो. पोस्टमार्कच्या बाबतीत यूआरएलमध्येच नाव आणि पासवर्ड ठेवता येतो. एसईएसची खबर बहुधा एसएनएस या ॲमेझॉनच्या दुसऱ्या सेवेतून येते, आणि ती खबर द्यायच्या आधी एक पुष्टीची चिठ्ठी पाठवते. त्यातला दुवा उघडून 'होय, हे दार माझंच' असं सांगेपर्यंत पुढचं काही येत नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात आणि 'वेबहुक चालत नाही' म्हणतात.

सही ताडताना माझा एक गमतीशीर पराभव झाला. सगळ्या चाचण्या पास होत होत्या, आणि प्रत्यक्षात अर्ध्याअधिक चिठ्ठ्या 'सही जुळत नाही' म्हणून बाद. दोन दिवस किल्लीवर संशय घेतला. मग लक्षात आलं, की पास होणाऱ्या चिठ्ठ्यांत सभासदाचं नाव इंग्रजी लिपीत होतं आणि नापास होणाऱ्यांत देवनागरीत. सेवा देवनागरी अक्षर सरळ न पाठवता त्याचा युनिकोड क्रमांक उलट्या तिरप्या रेघेनंतर लिहून पाठवत होती. माझं जावास्क्रिप्ट चिठ्ठी उलगडायचं, पुन्हा बांधायचं आणि त्या बांधलेल्यावर सही काढायचं. पुन्हा बांधताना क्रमांकाच्या जागी सरळ 'स' यायचा. अर्थ तोच, पण बाइट वेगळे, म्हणून सही वेगळी. सही नेहमी जसा आला तशा कच्च्या मजकुरावर ताडायची, उलगडायच्या आधी. हे वाक्य प्रत्येक सेवेच्या दस्तऐवजात कुठेतरी असतं. मी ते वाचलंही होतं. चाचणीसाठी मी घेतलेलं नाव 'टेस्ट युजर' होतं. आता आमच्या चाचणीतला सभासद ज्ञानेश्वर आहे. दोन जोडाक्षरं आणि एक मात्रा एवढी परीक्षा कुठल्याही कोडला पुरते.

सही जुळली तरी जुनी खरी चिठ्ठी उचलून कुणी पुन्हा टाकू शकतं, म्हणून चिठ्ठीतली वेळही बघायची आणि फार जुनी असेल तर नाकारायची. त्याबद्दल तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे.

चिठ्ठी हातात पडली की आधी पोच द्यायची, वाचायचं नंतर. म्हणजे 200 चं उत्तर लगेच. सेवा फार थांबत नाही. एसएनएस 15 सेकंद वाट बघतं आणि उत्तर नाही आलं तर चिठ्ठी पोचली नाही असं धरतं. मी पहिल्यांदा काय केलं होतं? चिठ्ठी आली की डेटाबेसमध्ये सभासद शोधायचा, त्याची नोंद बदलायची, त्याला 'आपला ई-मेल पत्ता चुकीचा आहे, शाखेत संपर्क साधा' असा एसएमएस पाठवायचा, आणि एवढं सगळं झालं की मग 200. एसएमएसवाल्याचा सर्व्हर त्या दिवशी रेंगाळत होता. सेवेने वाट बघून चिठ्ठी पुन्हा टाकली, मग पुन्हा. सरपंचांच्या सासऱ्यांना एका तासात तोच एसएमएस पाच वेळा गेला. ते खरोखरच शाखेत आले, काठी घेऊन.

तेव्हापासून दारावरचं काम फक्त तीन ओळींचं आहे : सही ताड, चिठ्ठी रांगेत टाक, 200 दे. बाकीचं दुसरा प्रोग्रॅम रांगेतून उचलून सावकाश करतो. रांग म्हणजे रेडिस हवं, रॅबिटएमक्यू हवं असं काही नाही. चार हजार सभासदांना डेटाबेसमधलं एक टेबल पुरतं, आणि ते टेबल उघडून नुसत्या डोळ्यांनीही वाचता येतं.

तीच चिठ्ठी पुन्हा येणं ही चूक नाही, रीतच आहे. सेवेचं वचन 'निदान एकदा तरी' असं असतं, 'एकदाच' असं कुणी देत नाही. म्हणून प्रत्येक घटनेचा ओळखक्रमांक जपून ठेवायचा आणि पाहिलेला क्रमांक पुन्हा आला तर मुकाट्याने 200 देऊन सोडून द्यायचं. क्रमाचीही हमी नसते. 'उघडला' आधी आणि 'पोचला' नंतर, असं सर्रास येतं. चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने गोष्ट रचायला गेलात तर माणूस पत्र यायच्या आधीच ते वाचतो.

आणि आपला सर्व्हर बंदच असेल तर? मेलगन थोड्याथोड्या वेळाने, मग अंतर वाढवत, सुमारे आठ तास प्रयत्न करत राहतं. रात्री अकराला बंद पडलेला सर्व्हर सकाळी सातपर्यंत उठला नाही तर त्या रात्रीचे पहिले शेरे गेले. सेंडग्रिड 24 तासांपर्यंत प्रयत्न करतं. मेलगनला 406 हे उत्तर दिलं तर मात्र ते पुन्हा येतच नाही. त्यामुळे भलत्याच अडचणीला भलतंच उत्तर देऊ नका. आमच्याकडे एकदा फ्रेमवर्कच्या एका अपडेटनंतर नेमकं हेच उत्तर आपोआप जायला लागलं, आणि दोन दिवस शेरेच आले नाहीत. सगळे खूश होते, एकही मेल परत येत नाही म्हणून.

आता आलेल्या शेऱ्याचं काय करायचं. इथे मात्र मी लिपिकबुवांचं रजिस्टर जसंच्या तसं उचललं. कायमचा नकार, विशेषतः 5.1.1, आला की त्या पत्त्यावर पाठवणं बंद. तात्पुरता असेल तर वाट बघायची, आणि तोच शेरा सलग काही वेळा आला तर मग बंद. 'स्पॅम' म्हणून तक्रार आली तर तत्काळ बंद, कारण विचारायचं नाही, समजूत घालायला फोन तर अजिबात करायचा नाही. पतसंस्थेच्या अध्यक्षांना हे पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सभासदाने आपल्याच संस्थेच्या मेलला स्पॅम म्हणावं हा त्यांना अपमान वाटत होता.

अपमान गिळायला लावणारे आकडे असे आहेत. एसईएसवर परत येणाऱ्या मेलचं प्रमाण 5 टक्क्यांवर गेलं की खातं तपासणीखाली येतं आणि 10 टक्क्यांवर पाठवणं थांबवलं जाऊ शकतं. तक्रारींसाठी हेच आकडे 0.1 आणि 0.5 टक्के. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी 2024 पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांवर जे नियम लावले त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क हवेतच, एका क्लिकमध्ये नाव काढून घेण्याची सोय हवी, आणि तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांखाली हवं. म्हणजे हजार मेलला तीन माणसं रागावली की संपलं. त्यात जीमेल कोण रागावलं हे सांगत नाही. एकूण प्रमाण पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसतं, व्यक्ती दिसत नाही. याहूसारखे काही जण तक्रारीची प्रत देतात, ती सेवेमार्फत आपल्या वेबहुकवर येते. तेव्हा जीमेलवाल्यांची तक्रार येत नाही याचा अर्थ ते खूश आहेत असा काढू नका.

'उघडला' या घटनेवर माझा राग आहे, तो लपवत नाही. मेलमध्ये डोळ्याला न दिसणारं एक चित्र ठेवायचं आणि ते मागवलं गेलं की 'वाचला' म्हणायचं, ही मुळातच चोरटी पद्धत. वर ती आता खरंही बोलत नाही. जीमेल डिसेंबर 2013 पासून चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणतं. ॲपलने सप्टेंबर 2021 मध्ये आयओएस 15 सोबत अशी सोय दिली, की ती चालू असेल तर माणसाने मेल उघडला नाही तरी चित्रं आधीच आणून ठेवली जातात. म्हणजे आयफोनवाल्यांपैकी पुष्कळ जण कागदावर कमालीचे जागरूक सभासद ठरतात. मी ही घटना बंदच ठेवतो. संचालकांनी अहवालात 'किती जणांनी वाचलं' हा रकाना मागितला तेव्हा मी तो दिला नाही, आणि त्याबद्दल अजून एक संचालक माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात.

चिठ्ठ्यांत माणसांचे पत्ते असतात, आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानंतर ते सांभाळणं ही नुसती सभ्यता उरलेली नाही. लॉगमध्ये चिठ्ठ्या जशाच्या तशा वर्षानुवर्षं साठवू नका. शेरा हवा, क्रमांक हवा, तारीख हवी. बाकीचं ठरावीक दिवसांनी पुसून टाकायचं.

शेवटी काही गोष्टी यंत्राने करायच्याच नसतात. बंद झालेल्या पत्त्यांची यादी आमच्याकडे दर सोमवारी सकाळी छापून लिपिकबुवांच्या जागी आलेल्या मुलीच्या टेबलावर जाते. ती एकेकाला फोन लावते. निघतं काय? कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा कंपनीचा पत्ता, निवृत्तीबरोबर तोही गेला. पुण्याला किंवा न्यू जर्सीला असलेल्या मुलाने उघडून दिलेला पत्ता, ज्याचा पासवर्ड त्या मुलालाही आठवत नाही. 'जीमेल'च्या स्पेलिंगचे नाना अवतार. आणि काही वेळा फोन उचलणारी व्यक्ती सांगते, की आता ते नाहीत. मग ती यादीवर छापील शेऱ्याच्या पुढे हाताने लिहिते आणि वारसाची फाइल काढते.

पहिल्या प्रकरणाला सुरुवात करताना एसईएसचं खातं उघडा. नव्या खात्याला फार मेल पाठवता येत नाहीत, पण आपल्याला एकच हवा आहे. ॲमेझॉनने सरावासाठी काही खोटे पत्ते ठेवले आहेत. त्यातला 'बाउन्स' नावाचा पत्ता प्रत्येक मेल 550 आणि 5.1.1 म्हणून परत करतो, आणि तो आपल्या टक्केवारीत धरला जात नाही. मजकूर काहीही लिहा. मी 'सभेची सूचना' एवढंच लिहिलं होतं. पाठवा, आणि दुसऱ्या खिडकीत आपल्या टेबलाकडे बघत बसा. सगळं नीट जोडलं असेल तर काही सेकंदांत तिथे एक ओळ उमटेल, तिच्यात तुमचा पहिला शेरा असेल. तो वहीत उतरवून घ्या, तारखेसकट, भारतीय वेळेप्रमाणे.